हललेलं माप

"तो ड्रमवाला तर काही करतच नव्हता," काकू म्हणाल्या, आणि नेमका तेव्हाच डॉक्टरने लगद्याने भरलेला ट्रे त्यांच्या तोंडात सरकवला.

सरकवावाच लागला. दातांचं माप घ्यायचा तो लगदा एकदा कालवला की कुणाच्या बोलण्यासाठी थांबत नाही. बघता बघता घट्ट होतो, आणि मग माप बिघडतं ते बिघडतंच. त्यामुळे वाक्य पुढे कुठल्या वळणाने जाणार होतं ते काकूंच्या जबड्यातच राहिलं, आणि डॉक्टर ट्रेवर दोन्ही हातांची बोटं दाबून, अंगठे त्यांच्या हनुवटीखाली टेकवून, खांबासारखा उभा राहिला. आता लगदा घट्ट होईस्तोवर हलायचं नाही. काकूंनी नाही आणि त्याने तर मुळीच नाही. दाढ काढायला जोर लागतो, मूळ साफ करायला डोळे लागतात, पण माप घेताना माणसाला नुसतं धरून उभं राहावं लागतं, आणि तेवढा वेळ मन कुठे ठेवायचं हे काही कॉलेजात शिकवत नाहीत. एरवी तो समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. आज त्याला घड्याळ दिसेना. कानात एकच वाक्य घोळत होतं, आणि तेही ओठ बधिर झालेल्या बाईचं, अर्धंमुर्धं, बोबडं.

बाई तशी मोठी गोड. अंगठा दुखतो म्हणून जरा लंगडतच आत आल्या होत्या, आणि खुर्चीत बसेपर्यंत निम्म्या घराची खबरबात सांगून झाली होती. त्या निवृत्त ग्रंथपाल होत्या. आयुष्यभर लोकांना गप्प बसा म्हणून सांगितलं, आता माझी पाळी, असं त्यांनीच हसत हसत म्हटलं. इंजेक्शन दिल्यावर जीभ जड व्हायची वाट बघत बसल्या तेव्हा विषय निघाला शनिवारच्या कार्यक्रमाचा. भाचीने तिकिटं आणून दिली म्हणून नवराबायको टाऊन हॉलला गेले होते. रॉक का काय ते म्हणतात तसलं होतं, कान बंद होतील म्हणून कापूस घेऊन गेले होते, पण छान झालं. गाणारी मुलगी छान, गिटारवाला फारच छान, जरा नाचरा होता पण छान. एवढं मधेमधे थांबून सांगून होईपर्यंत डॉक्टरने टोपी बसवण्यासाठी दाढ घासून बारीक केली, आणि प्रत्येक 'छान'ला तो मास्कच्या आत हसत होता. आता आपली पाळी, हे त्याला ठाऊक होतं. काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांच्या हिशेबी ड्रमवाला कुणीतरी ड्रमवाला होता, आणि डॉक्टर म्हणजे मास्कच्या वर दिसणारे दोन डोळे. आणि मग आलं ते. काही करतच नव्हता.

दुसरा कुठला दिवस असता तर त्याने हे हसण्यावारी नेलं असतं. पण आजच दुपारी, डबा उघडून पहिला घास घेतोय तोच, मेहुण्याचा फोन आला होता. मेहुणा म्हणजे तोच नाचरा गिटारवाला. बायकोचा धाकटा भाऊ, बँड त्याचा, गाणी त्याची, घसाही त्याचाच मोठा. "दाजी, रागावणार नसाल तर एक बोलू का," अशी सुरुवात त्याने केली, तेव्हाच डॉक्टरने घास डब्यात परत ठेवला. कारण मेहुणा परवानगी मागून कधी बोलत नाही. शनिवारच्या कार्यक्रमाच्या व्हिडिओखाली लोकांनी बरंच लिहिलंय, म्हणाला. बाकी सगळं कौतुकच आहे, पण ड्रम फार साधे आहेत असं पुष्कळांचं म्हणणं आहे. एकाने लिहिलंय की शेजारी कुणीतरी भिंतीत खिळा ठोकतंय असं वाटत होतं. आता पुढच्या महिन्यात मोठं स्टेज आहे. माझ्या ऑफिसात एक मुलगी आहे, दोन्ही पायांनी पेडल मारते, हात तर दिसतच नाहीत इतके पळतात. ती यायला तयार आहे. "तुम्हाला काढत नाहीये हं दाजी. तुम्ही शेकर वाजवा. शेकरला पण ठेका लागतोच की. संध्याकाळपर्यंत सांगा म्हणजे तिला हो म्हणतो." शेकर म्हणजे तो मूठभर खुळखुळा. पन्नाशीला टेकलेल्या, स्वतःचा दवाखाना असलेल्या माणसाच्या हाती मेहुणा खुळखुळा देत होता, आणि तोही अदबीने.

त्याला रागही धड आला नव्हता. ती मुलगी त्याने ऐकली होती, तिचा एक व्हिडिओ मेहुण्यानेच मागे पाठवला होता. तो बघून त्याने रात्रीचं जेवण गार होऊ दिलं होतं. असं वाजवणारं कुणी दिसलं की त्याचा जीव सुपाएवढा होतो, त्यात हेवा नसतो, खरंच नसतो. आणि स्वतःचं म्हणाल तर त्याला एकच ठेका येत होता. धप् टक्, धपधप टक्. कॉलेजात असताना एका संमेलनात वरच्या वर्गातला ड्रमवाला कांजिण्या येऊन पडला, आणि हा वर्गात बाकं वाजवतो एवढ्या भांडवलावर लोकांनी याला स्टुलावर बसवलं. त्या संध्याकाळी हाताला जे लागलं ते हेच. बाक वाजवायची खोड त्याहून जुनी. वडील सकाळी दाढी करताना वस्तरा बेसिनच्या कडेवर झटकायचे, आधी एकदा, मग फेस पुसून दोनदा, आणि अंथरुणात लोळणारं पोर त्या आवाजाने डोळे न उघडताच जागं व्हायचं. घरात सगळं ठीक आहे, वडील आहेत, पाणी तापलंय, शाळेला अजून वेळ आहे, एवढं सगळं त्या टक्-टकटकमध्ये असायचं. वडील गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. कधीकधी स्नेअरवर, म्हणजे त्या टक् वाजणाऱ्या ड्रमवर, काठी पडली की त्याला साबणाचा वास येतो. हे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही, कारण ती चेष्टा करील. बायको तशीही करतेच. ती त्याला 'ठेकेदार' म्हणते. "आमच्या ठेकेदाराला एकच येतं," ती पाहुण्यांना सांगते, आणि पाहुणे हसले की वर म्हणते, "पण येतं हं." तिच्या या दुसऱ्या वाक्यावर त्याने इतकी वर्षं काढली होती.

पण एकच येतं म्हणून एकच वाजवायचं, यात मोठेपणा कसला? दुपारपासून त्याला हेच कुरतडत होतं. लोक म्हणतात, साधेपणात सौंदर्य असतं. असेल बुवा. पण ज्याच्याकडे एकच सदरा आहे त्याने साधी राहणी साधी राहणी म्हणून मिरवावं का? ज्याला दहा गोष्टी येतात आणि जो नऊ बाजूला ठेवतो त्याला साधं म्हणावं, बाकीच्यांना नुसतं नापास म्हणावं, असं त्याचं स्वतःच्याच बाबतीत कडक मत होतं. त्या मतापायीच तर त्याने गेले काही महिने दवाखाना बंद झाल्यावर मागच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगांसमोर बसून, उशीवर काठ्या मारून मारून एक फिल बसवली होती. गाण्याच्या दोन ओळींच्या मधे ड्रमवाले जी तडतड करून घेतात, स्नेअरपासून सिंबलपर्यंत सगळं एका दमात हलवून टाकतात, ती. शेवटच्या गाण्यात एक मोकळी जागा होती, मेहुण्याने त्याच्यासाठीच ठेवलेली. आधी हात अडखळायचे, मग पाय, मग दोन्ही. एके दिवशी सगळं जमलं आणि समोरचे प्लास्टरचे जबडे आ वासून बघत राहिले. त्या दिवशी तो घरी शीळ घालत गेला. बायको म्हणाली, आज कुणाचा दात एवढा चांगला निघाला.

आणि शनिवारी ती फिल त्याने घेतलीच नाही.

काकूंनी नाकाने लांब श्वास सोडला. लाळ ओढणारी नळी गुळगुळली. ताई, म्हणजे त्याची मदतनीस, शेजारी उभी राहून नळी धरत होती आणि खिडकीबाहेर बघत होती. लगदा अजून मऊ होता, त्याच्या बोटांना कळत होतं. शनिवार. मेहुण्याने स्टेजवरून उतरतानाच विचारलं होतं, दाजी, फिलचं काय झालं, आणि याने सांगितलं होतं, विसरलो. विसरला वगैरे काही नव्हता. जागा येत होती, हात तयार होते, खांदे सैल होते, त्या क्षणी त्याला ती येत होती हे त्याला पक्कं माहीत होतं. पण समोर, पहिल्या रांगेच्या खुर्च्या सरकवून लोकांनी जी थोडी जागा केली होती तिथे, एक उंच म्हातारासा माणूस एका पाठमोऱ्या बाईसमोर नाचत होता. नाचत होता म्हणणं धाडसाचं. त्याच्या एका खांद्याला बायकांची लालभडक पर्स होती, ती पडू नये म्हणून तो कोपराने दाबून धरत होता, आणि पाय उचलून असा थांबत होता, जसा माणूस अंधारात जिन्याची शेवटची पायरी चाचपतो. पाय उचलला की वाट बघायचा. धप् आला की ठेवायचा. प्रत्येक वेळी ठेवल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटायचं त्याला डॉक्टरकडे शब्द नव्हता. जागा आली तेव्हा त्या माणसाचा पाय हवेत होता. डॉक्टरच्या मनात एवढंच आलं की आता आपण तडतड केली तर हा पाय कुठे ठेवणार. आणि हाताने, आपल्याआपण, धप् टक् केलं. पाय जमिनीवर आला. मोकळी जागा मोकळीच राहिली. मेहुण्याने मान वळवून बघितलं, आणि त्या बघण्याने डॉक्टरची तीच रात्र नव्हे, पुढचे सगळे दिवस खाल्ले. कारण त्याचं त्यालाच पटत नव्हतं. येत असूनही सोडली, की ऐनवेळी कच खाल्ली आणि आता त्या म्हाताऱ्याच्या पायाआड लपतोय? आतून एकजण म्हणत होता, सोडली. दुसरा म्हणत होता, घाबरलास. दोघांचा आवाज सारखाच होता. आणि आज तिसरी आली, बधिर ओठांची. काही करतच नव्हता. मग द्यावं सोडून. शेकर वाजवावा, खुर्चीवर बसून, सुखाने. संध्याकाळी मेहुण्याला हो म्हणून टाकू, असं त्याने लगद्यावरचा हात न हलवता ठरवलंसुद्धा.

त्याने नजर उचलली ती नेहमीच्या सवयीने घड्याळाकडे जायला निघाली, आणि वाटेत दारामागच्या खुंटीवर अडली. खुंटीला काकूंची छत्री होती. छत्रीच्या शेजारी पर्स होती. लालभडक.

पर्स काय, बाजारात लाल पर्सा पोत्याने मिळतात, असं तो स्वतःला म्हणाला. पण त्या पर्सचा एक पट्टा तुटून पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला होता, आणि त्या उंच माणसाने कोपराने दाबून धरला होता तो नेमका तोच पट्टा, दिव्याच्या झोतात पांढरा टाका चमकला होता. डॉक्टरचं काळीज असं काही हललं की त्याला वाटलं आता ट्रे हलणार. त्याने बोटं घट्ट केली. काकूंकडे बघितलं. काकू डोळे मिटून निवांत होत्या, त्यांच्या मते जगात काहीही घडत नव्हतं. मग त्याची नजर खुर्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली. काकूंच्या चपला खाली काढलेल्या होत्या. उजव्या पायाचा अंगठा चांगलाच काळानिळा होता, आणि दुखरा अंगठा सांभाळत, टाच टेकवून, तो पाय हलत होता. खाली एकदा. वर थांबून. खाली दोनदा. बाईला स्वतःला पत्ता नव्हता. तोंड बंद, डोळे बंद, ओठ बधिर, आणि पाय मात्र शनिवारचं शेवटचं गाणं चालवत होता. गाण्यातली गिटार नव्हे, गाणाऱ्या मुलीचे सूर नव्हेत. धप् टक्, धपधप टक्.

त्याने आयुष्यात खूप तोंडं बघितली होती, पण आपलं स्वतःचं काही असं दुसऱ्याच्या अंगात राहायला गेलेलं त्याने कधी बघितलं नव्हतं. त्याला वडिलांचा वस्तरा ऐकू आला. पाणी तापल्याचा, सगळं ठीक असल्याचा तो आवाज एका बेसिनच्या कडेवरून निघाला, पोराच्या कानात शिरला, बाकांवर, उशीवर, ड्रमवर फिरत फिरत टाऊन हॉलच्या फरशीपर्यंत आला, आणि आता एका निवृत्त ग्रंथपालबाईच्या सुजक्या अंगठ्यात चालू होता. इतक्या लांबचा प्रवास त्या तडतडीला झेपला असता का, कोण जाणे. तिचं काम वेगळं. ती बघायची चीज, तोंडात बोट घालायची. ठेका ही अंगात घेऊन घरी जायची. त्याला इतका आनंद झाला की मास्कच्या आत हसून हसून त्याचा चष्मा धुक्याने भरला, आणि समोरचं सगळं, खुंटी, पर्स, खिडकी, ताई, पांढरं पांढरं झालं. पाय दिसेनासा झाला, पण ठेका थांबला नव्हता. तो आता दुसरीकडून येत होता.

"डॉक्टर," ताई हळूच म्हणाली, "तुमची बोटं."

बोटं ट्रेवर वाजत होती. डावी तर्जनी धप्, उजवी टक्. आणि काय सांगावं, खाली त्याचा उजवा पायसुद्धा ड्रिलचं पेडल दाबत होता, नशीब की ड्रिल बंद होतं.

लगदा घट्ट झाल्यावर त्याने ट्रे काढला आणि खिडकीशी नेऊन बघितला. माप हललं होतं. घासलेल्या दाढेची कड एक हवी तिथे दोन होत्या, एकीच्या शेजारी दुसरी, जणू दाढेने जागच्या जागी पाऊल टाकलं होतं. पहिल्या वर्षाच्या पोराने असं माप आणलं असतं तर त्याने त्याला उभं केलं असतं. त्याने ते माप कचऱ्यात टाकलं नाही. कापसाच्या डब्यामागे ठेवून दिलं.

काकूंनी चूळ भरली, ओठ चाचपले, आणि जिथून गाडी थांबली होती तिथूनच सुरू केली. "हां, तर तो ड्रमवाला. काही करतच नव्हता. आमच्या ह्यांचं नि तालाचं कधी जमलं नाही हो. आमच्या लग्नात नाचताना यांनी माझ्या वहिनीला पाडलं होतं, तेव्हापासून जे बसले ते बसलेच. शनिवारी आपणहून उठले. मी म्हटलं, अहो, कुठे निघालात. तर म्हणतात, अगं, मला कळतंय कुठे पाय ठेवायचा ते. तो ड्रमवाला मला सांगतोय." बधिर ओठ एका बाजूने हसला, दुसऱ्या बाजूला बातमी पोचली नव्हती. "बाकीचे सगळे आपापलं करत होते, चांगलंच करत होते. हा एकटा काही करत नव्हता, म्हणून यांना जागा मिळाली. मी गेले मग सोबतीला. हा अंगठा त्याचाच. पहिल्यांदा पाय पडला तो माझ्यावर."

डॉक्टरने ताईला नवा ट्रे काढायला खुणावलं. मग म्हणाला, "काकू, माफ करा, माप परत घ्यावं लागेल. हललं."

"मी नव्हते हं हलले."

"तुम्ही नाही. मी. हाताने जरा ठेका धरला गेला."

काकूंनी त्याच्याकडे ग्रंथपालाच्या नजरेने बघितलं, म्हणजे वाचनालयात खाणाऱ्याकडे बघावं तशी. "डॉक्टर, तुम्ही तरी आता काही करू नका."

"नाही करत," तो म्हणाला.

ताईने नवा लगदा कालवला. ट्रे आत गेला, बोटं बसली, अंगठे हनुवटीखाली टेकले. आणि त्याच्या खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. संध्याकाळपर्यंत दम निघेल तो मेहुणा कसला. "ताई, बघा बरं," डॉक्टर म्हणाला. ताई खिशातून फोन काढून त्याच्या कानाशी धरायला गेली, तेवढ्यात तिचा अंगठा कुठेतरी लागला आणि मेहुण्याचा मोठा घसा सगळ्या खोलीत पसरला.

"दाजी, काय ठरवलंत? ती मुलगी विचारतेय. ड्रमवर तिला बसवतो, तुम्ही शेकर घ्या. बरं का?"

काकूंचे डोळे उघडले. आधी फोनकडे गेले. मग डॉक्टरच्या चष्म्याकडे. मग हळूहळू मोठे होत गेले, तोंड तर आधीच उघडं होतं, आणि त्या तोंडाला बोलायची सोय नव्हती.

"तिला एक गाणं दे," डॉक्टर म्हणाला. "मधलं, लांबलचक. ती वाजवील तेव्हा मी खाली उभा राहून ऐकीन, आणि पोट भरून ऐकीन. बाकी सगळं मी वाजवतो."

"दाजी, पण लोक काय म्हणतात ते..."

"लोक बरोबर म्हणतात. साधं आहे. साधंच राहणार."

"बरं," मेहुणा म्हणाला, "आणि शेवटच्या गाण्यातली ती फिल? या वेळी विसरणार नाही ना?"

"तेव्हाही विसरलो नव्हतो," डॉक्टर म्हणाला. "तिथे एका माणसाचा पाय होता. बाकीचं घरी आल्यावर सांगतो, माझे हात अडकलेत."

ताईने फोन बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत उभी राहिली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसण्याचं की दुसरं कसलं ते ट्रेमुळे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी भुवया उंचावल्या, खुंटीवरच्या पर्सकडे बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं, घशातून एक लांबलचक, अडलेला हुंकार काढला, ज्यात निदान वीस प्रश्न होते.

"काकू," डॉक्टर म्हणाला, "हलायचं नाही."

त्या हलल्या नाहीत. फक्त खाली, खुर्चीच्या टोकाला, तो काळानिळा अंगठा परत सुरू झाला, या वेळी जाणूनबुजून, जरा जोरातच. आणि वर डॉक्टर उभा होता, बोटं जागच्या जागी, पाय पेडलपासून दूर, सगळा जीव ओतून, काही न करता.